वाघ आपली गोष्ट सांगू लागला तर...

२०१९ च्या डिसेंबरमध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एक पाहुणा आला. त्याला कुणी बोलावले नव्हते, आणायलाही कुणी गेले नव्हते. तो पायी चालत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा तरुण वाघ. वन विभागाच्या दप्तरी त्याचे नाव टी-१ सी-१. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसवला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने टिपेश्वर सोडले आणि महाराष्ट्र व तेलंगणातले सात जिल्हे तुडवीत तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत सुमारे १३०० किलोमीटरची चाल झाली होती. २०२० च्या मार्चपर्यंत हीच पायपीट सुमारे ३००० किलोमीटरवर गेली. त्याचे नाव 'वॉकर' पडले.

बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो. त्याच्या आसपास पसरलेले हे आमचे अभयारण्य जेमतेम २०५ चौरस किलोमीटरचे. बिबटे, अस्वले, रोही, रानडुकरे इथे पूर्वीपासून आहेत. राहता वाघ मात्र नव्हता. त्यामुळे ही बातमी आली तेव्हा चहाच्या टपरीपासून मशिदीच्या ओट्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. कुणाला अभिमान वाटला, कुणाला आपल्या म्हशीची काळजी लागली.

गळ्यातला पट्टा तासातासाला त्याचा ठावठिकाणा कळवत होता. अशा सुमारे ५००० नोंदी जमल्या. त्यांवरून असे दिसले की तो बहुतेक रात्री चालायचा. शेतांतून, पाण्याच्या कडेकडेने, रस्ते ओलांडत. वाटेत त्याने रानडुकरे मारली, गुरेही मारली. माणसाशी झटापट मात्र एकदाच झाली. तो झुडपात पडून असताना काही लोक आत शिरले आणि त्यांतला एक जखमी झाला. एवढ्या लांबच्या, माणसांनी भरलेल्या वाटेवर एवढेच.

आमच्या घरी त्या दिवसांत रात्रीच्या जेवणानंतर नकाशा उघडला जाई. एका संध्याकाळी घरातल्या लहानग्याने विचारले, "आपण त्याला पाहिलं नाही, पण त्यानं आपल्याला पाहिलं असेल का?"

आम्ही गप्प झालो. पाहिलेच असेल. किती गावांची पहाटेची अजान त्याने ऐकली असेल, किती देवळांतली काकड आरती. उसात लपून किती मोटारपंपांची धडधड ऐकली असेल, किती शेतकऱ्यांना बॅटरी घेऊन बांधावरून जाताना पाहिले असेल. आम्ही त्याची पावले मोजली. त्याने आमच्याबद्दल काय नोंदले असेल, ते कोणत्याच पट्ट्यात साठले नाही.

एका प्यूमाची कादंबरी

हाच प्रश्न घेऊन लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी अलीकडे आमच्या वाचनात आली. अमेरिकन लेखक हेन्री होक यांची 'ओपन थ्रोट', प्रकाशन २०२३ चे. सबंध कादंबरी एक प्यूमा सांगतो. प्यूमा म्हणजे अमेरिकेतला मोठ्या मांजराच्या कुळातला प्राणी. आपल्या बिबट्याच्या अंगाचा, पण अंगावर ठिपके नसलेला. लॉस एंजेलिस शहरात डोंगरावर 'हॉलिवूड' अशी भली मोठी पांढरी अक्षरे उभी आहेत, चित्रपटांतून आपण ती पाहिलेली असतात. त्या अक्षरांखालच्या झुडपांत हा प्राणी राहतो. तिथून तो फिरायला येणाऱ्या माणसांचे बोलणे ऐकतो आणि तेच आपल्याला सांगतो.

ही कल्पना लेखकाला एका खऱ्या प्राण्यावरून सुचली. तिथले वन्यजीव अभ्यासक त्याला 'पी-२२' म्हणत. आपल्या वॉकरसारखाच तोही जागेच्या शोधात घरातून निघाला होता. अखंड मोटारी धावणारे दोन महामार्ग ओलांडून तो शहराच्या मध्यावरच्या ग्रिफिथ पार्कमध्ये पोचला आणि २०१२ मध्ये पहिल्यांदा कॅमेऱ्यात दिसला. ती जागा सुमारे १७ चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्या ज्ञानगंगेच्या बाराव्या हिश्शाएवढी. तिथे तो दहा वर्षे एकटा राहिला. त्याला जोडीदारीण कधी मिळाली नाही. मध्यंतरी उंदरांच्या विषाचा अंश त्याच्या रक्तात सापडला आणि त्याला खरूजही झाली. उपचारांनंतर तो सावरला. शेवटी मोटारीची धडक आणि जुने आजार यांनी तो खचला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला पकडून तपासले गेले आणि तो बरा होणार नाही असे दिसल्यावर डॉक्टरांनी त्याला कायमचे झोपवले. त्या शहरातले लोक त्याच्यासाठी रडले.

कादंबरीतल्या प्राण्याला माणसांची भाषा अर्धीमुर्धीच कळते. शहराचे नाव तो कानावर पडेल तसे उच्चारतो. 'टंचाई' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याला 'भीतीचे शहर' असा ऐकू येतो, आणि तेच त्याला खरे वाटते, कारण दुष्काळ पडलेला असतो, पाणी आटलेले असते आणि ज्याला त्याला कसली ना कसली भीती असते. पुस्तकात विरामचिन्हे नाहीत. श्वापदाला पूर्णविराम कुठून माहीत असणार! तंबूंत राहणाऱ्या बेघर माणसांना तो आपले शेजारी समजतो, त्यांच्यावर नजर ठेवतो. एका रात्री कुणीतरी त्यांच्या वस्तीला आग लावतो. वणवा भडकतो आणि या प्राण्याला डोंगर सोडून गल्लीबोळांत उतरावे लागते. पुढचे आम्ही सांगत नाही. हे पुस्तक मोठ्यांसाठी आहे, त्यातली काही वर्णने मुलांसमोर वाचण्यासारखी नाहीत, हे मात्र आईवडिलांना सांगून ठेवतो.

पुस्तक मिटल्यावर आमच्या लक्षात राहिली ती त्याची ऐकण्याची रीत. या प्राण्याला माणसांचा राग नाही. त्याला आपण समजत नाही, इतकेच. त्याच्या कानांनी आपलेच बोलणे ऐकताना आपल्यालाही ते नीटसे समजेनासे होते. एवढी घाई कशाची, एवढी तक्रार कशाची, हा प्रश्न मग आपल्यालाच पडतो.

आपल्या कपाटातला खटला

जनावराच्या तोंडून माणसाची झडती घेणे ही काही अमेरिकेची नवी युक्ती नाही. आपल्या आजोबांच्या कपाटात, जुन्या उर्दू पुस्तकांच्या चळतीत कदाचित 'इख्वानुस्सफा' हे नाव दिसेल. दहाव्या शतकात बसरा शहरात विद्वानांचा एक गट होता, 'इख्वानुस्सफा' म्हणजे निर्मळ मनाचे बंधू. त्यांनी पन्नासाहून अधिक रिसाले लिहिले. गणित, संगीत, निसर्ग, आत्मा, सगळ्या विषयांवर. त्यांतल्याच एका रिसाल्यात जनावरांनी माणसावर भरलेल्या खटल्याची कथा आहे. मौलवी इकराम अली यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८१० मध्ये तिचे उर्दू भाषांतर केले. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांना उर्दू शिकवण्यासाठीही ते वापरले गेले.

कथा अशी. वादळात सापडलेले एक जहाज एका बेटाला लागते. त्या बेटावर जिन्नांचा राजा बिवरास्प राज्य करीत असतो आणि जनावरे निर्धास्त राहत असतात. माणसे उतरतात आणि सवयीप्रमाणे जनावरांना जुंपू लागतात, धरू लागतात. जनावरे राजाच्या दरबारात दाद मागतात. माणसे म्हणतात, आम्ही मालक, हे आमचे गुलाम. राजा म्हणतो, पुरावा द्या. मग एकेक जनावर उभे राहते. खेचर बोलते, गाढव बोलते, बैल, मेंढा, उंट बोलतात. रानातल्या श्वापदांच्या वतीने कोल्हा येतो, पाखरांच्या वतीने बुलबुल, आणि मधमाशीही आपल्या जातभाईंची बाजू मांडते. माणसे श्वापदांच्या क्रूरपणाकडे बोट दाखवतात तेव्हा कोल्हा त्यांना त्यांच्याच लढायांची आठवण करून देतो.

माणूस आपले सौंदर्य, आपली विद्या, आपले कपडे, आपली पक्वान्ने, एकेक पुरावा पुढे ठेवतो आणि एकेक पुरावा गळून पडतो. शेवटी तो एका मुद्द्यावर जिंकतो. मरणानंतर आम्हाला पुन्हा उठवले जाईल, आमच्यासाठी कायमचे जीवन आहे, असे तो सांगतो. त्यावर जनावरांकडून आठवण दिली जाते की त्या वचनाबरोबर शिक्षेचा इशाराही आहे. माणूस ते नाकारत नाही.

ही कथा आम्ही पुन्हा वाचली तेव्हा या निकालापाशी थांबलो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानांनी माणसाला श्रेष्ठ ठरवले, पण ज्या कारणाने ठरवले ते त्याच्या मानेवर ओझ्यासारखे आहे. त्याला जाब विचारला जाणार आहे. वाघाला कुणी विचारणार नाही की तू ती गाय का मारलीस. आपल्याला मात्र वाघाबद्दल विचारले जाईल आणि गायीबद्दलही.

कुरआनमध्ये मुंगीच्या नावाची एक सूरह आहे, सूरह नम्ल. हजरत सुलेमान (अ.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यापाशी येते तेव्हा एक मुंगी बाकीच्यांना घरात शिरायला सांगते, नाहीतर हे लष्कर आपल्याला तुडवील, आणि तेही नकळत. ती ऐकून सुलेमान (अ.) हसतात आणि लगेच अल्लाहकडे दुआ मागतात. या प्रसंगात आमचे लक्ष त्या 'नकळत'कडे जाते. मुंगी लष्कराला जुलमी म्हणत नाही. त्यांना कळत नाही, एवढेच म्हणते. जनावराच्या तोंडून सांगितलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींचे काम आम्हाला एकच वाटते. त्या वाचून झाल्यावर आपल्याला 'नकळत' असे म्हणता येत नाही.

मराठीत कोण बोलले?

मराठीत रानाच्या या वाटेवर व्यंकटेश माडगूळकर फार पुढे गेले. १९८२ ची त्यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात वानर 'मी' म्हणून बोलत नाही. लेखक दूर बसून पाहतो आणि जे दिसते ते सांगतो. टोळीचा म्होरक्या पडतो, दुसरा येतो, जुन्याची पिल्ले जगत नाहीत. माणसांच्या राजकारणाची आठवण येते, पण लेखक ती करून देत नाही.

दोन्ही रीतींचे आपापले धोके आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला प्राण्याचे मन कळत नाही. आणि प्राण्याला 'मी' म्हणायला लावणारा लेखक बऱ्याचदा वाघाचे कातडे पांघरून स्वतःच भाषण करतो. मग त्या वाघाला संविधानापासून पर्यावरणापर्यंत सगळे ठाऊक असते आणि वाचणाऱ्याला जांभया येतात. चांगल्या पुस्तकाची आमची खूण साधी आहे. त्यातल्या प्राण्याला काय कळत नाही, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

समजा, कुणी आमच्या ज्ञानगंगेतल्या अस्वलिणीची कादंबरी लिहायला घेतली. ती डोळ्यांनी लिहून चालणार नाही, कारण अस्वलाची नजर अधू असते. ती नाकाने लिहावी लागेल. चैत्रात मोहाची फुले गळतात तो वास, पहिल्या पावसानंतर वारुळाच्या ओल्या मातीचा वास, बोरीखालच्या पिकल्या बोरांचा वास. पाठीवर दोन पिल्ले घट्ट धरून बसलेली. आणि मग मध्येच एक वेगळाच वास: बिडीचा, घामाचा, फवारणीच्या औषधाचा. ती जवळ येईपर्यंत तिला काही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पिल्ले पाठीवर आहेत. ती पळत नाही, उभी राहते.

दुसऱ्या बाजूचा साक्षीदार

पण हीच गोष्ट बिडी ओढणाऱ्याच्या बाजूने सांगितली तर? जंगलाच्या कडेच्या गावांत अस्वलाने चेहरा ओरबाडलेली माणसे भेटतात. शेतीची वीज अनेकदा रात्री येते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. घरी आई दाराशी बसून राहते, मुलगा परत येईपर्यंत तिला झोप लागत नाही. रोह्यांचा आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक झोपवतो आणि वर्षाची उसनवारी तशीच उरते. सोयाबीन आणि तुरीवर संसार चालवणाऱ्या माणसाला 'वन्यप्राणी वाचवा' असे शहरातून सांगणे फार स्वस्त आहे.

म्हणूनच जिन्नांच्या राजाचा तो दरबार आम्हाला मोलाचा वाटतो. तिथे दोन्ही पक्षांना बोलू दिले होते. आजवर आपल्या गावांत एकच पक्ष बोलत आला. तो अर्थातच आपला. आता काही पुस्तकांत एकटे जनावरच बोलते आणि शेतकरी नुसता खलनायक होतो. तोही न्याय नाही. अस्वलिणीची कादंबरी खरी व्हायची असेल तर तिच्या अंधुक नजरेला दिसणाऱ्या त्या बॅटरीच्या उजेडामागे एक घाबरलेला मुलगा आहे, एवढे तरी वाचकाला उमगले पाहिजे, अस्वलिणीला नाही उमगले तरी.

आणि उमगल्यावर काही गोष्टी हातात घेता येतात. पिकाभोवतीच्या तारेत चोरून सोडलेला घरगुती वीजप्रवाह वाघालाही मारतो, शेजाऱ्याच्या मुलालाही. तो सोडू नये. तो गुन्हा आहे आणि गुनाहही. मोहफुले वेचायला पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये. चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे, म्हणजे अस्वलाला लांबूनच चाहूल लागते आणि ते बाजूला होते. रानात पिल्ले दिसली तर त्यांच्याजवळ जाऊ नये, मोबाइलवर फोटो तर मुळीच काढू नये. आई जवळच असते. खरकटे आणि मेलेली जनावरे गावकुसाला टाकू नयेत. गुरे गेली, पीक गेले, तर वन विभागाकडे लगेच नोंद करून भरपाई मागावी. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. शेतीला दिवसा वीज मागणे हीसुद्धा वाघाची आणि माणसाची दोघांची बाजू घेणे आहे.

घरातला दरबार

आमच्या घरी आम्ही एक छोटा प्रयोग केला, तो वाचकांना सांगावासा वाटतो. इशानंतर सगळे एकत्र बसले असताना मुलांना म्हटले, वॉकरच्या ५००० नोंदींपैकी एका नोंदीची गोष्ट सांगा, पण 'मी' म्हणून. आणि जे वाघाला ठाऊक नसते ते सांगायचे नाही. एसटीला एसटी म्हणायचे नाही, विहिरीला विहीर म्हणायचे नाही.

मोठ्या मुलाने शिकारीची ऐट केली. मुलीने मात्र एवढेच सांगितले: दगडांच्या मधोमध गोल पाणी होते, खूप खाली. मला तहान होती. वरून एक माणूस वाकून पाहत होता. त्यालाही तहान होती. तो गेला, मग मी गेलो.

दादी तसबीह फिरवत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग पाणी प्यायला का दोघंही?" मुलगी म्हणाली, "विहिरीत पाणीच खाली गेलं होतं." कुणी काही बोलले नाही. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचे काय होते ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

हा खेळ कुठल्याही घरात खेळता येतो. पुस्तक विकत घ्यावे लागत नाही, रानात जावे लागत नाही. अंगणातल्या चिमणीपासून सुरुवात करता येते. मुलांची भाषा सुधारते हा एक फायदा. दुसरा फायदा मोठ्यांचा आहे. आपले घर, आपले अंगण, आपला आवाज बाहेरून कसा वाटत असेल, याचा अंदाज येतो.

वॉकरच्या गळ्यातला पट्टा एप्रिल २०२० मध्ये काढला गेला. त्याच्यासाठी मादी आणावी का, असाही विचार तेव्हा वन विभागात झाला होता. त्या सुमारास सारा देश टाळेबंदीत घरात बसला होता, रस्ते मोकळे होते आणि आपल्या मशिदीही रिकाम्या होत्या. त्यानंतर तासातासाची नोंद येणे थांबले. आता त्याने कुठे पाणी प्यायले, कुणाच्या बांधावर तो रात्रभर पडून राहिला, हे आपल्याला कळत नाही.

त्याला आपल्याबद्दल काय कळले, तेही आपल्याला कधी कळणार नाही. पण जिन्नांच्या राजासमोर माणसाने जी गोष्ट स्वतःच्या तोंडाने कबूल केली होती, ती खरी असेल तर कुठेतरी त्याचीही नोंद होत असणार. आपण त्या नोंदीत चांगले शेजारी म्हणून दिसावे, एवढीच दुआ.